पानांची हजेरी

ऑफिसात तिला सगळे पाचोळाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट, नव्याने बदलून आलेल्या कुणी चुकून तिला तिच्या हुद्द्याने हाक मारली, तर बाकीचे त्याला टोकत, "अहो, पाचोळाबाई म्हणा, नाहीतर त्या वळून बघणार नाहीत." आणि खरोखरच ती बघत नसे. कारण तिचे डोळे समोरच्या स्क्रीनला चिकटलेले असत.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीचे पडदे बारा महिने ओढलेले. बाहेरचा उजेड पडला की स्क्रीनवरचे रंग फसवतात, म्हणून. तिथे एक मोठं टेबल, दोन स्क्रीन, नकाशांचं लोखंडी कपाट आणि बसून बसून मधोमध खड्डा पडलेली तिची खुर्ची. उपग्रहाने वरून काढलेले जंगलाचे फोटो तिथे यायचे. गेल्या वर्षीचा फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी शेजारी लावायचा, झाडांचं छत्र कुठे विरळ झालंय ते शोधायचं आणि तिथे खूण करायची. बावीस वर्षं ती हेच करत होती. या बावीस वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे ती कुणाला सांगत नसली तरी स्वतः विसरतही नव्हती.

आता हा उपग्रह म्हणजे मोठा हुशार, असं आपल्याला वाटतं. पाचोळाबाईला विचारलं तर ती सांगे, त्याला काही कळत नाही. त्याला ना खोड दिसतं ना मूळ. त्याला दिसतात ती फक्त पानं. पानं गळाली की त्याला खालची माती दिसते, वाळलेलं गवत दिसतं, दगड दिसतात. त्यामुळे पानं झडलेलं उभं जंगल आणि मुळापासून तोडलेलं जंगल वरून जवळजवळ सारखंच. फार पूर्वी, ती नवी असताना, त्या ऑफिसने ऐन पानगळीत एक अख्खी दरी नाहीशी झाल्याचं मुख्य कार्यालयाला कळवलं होतं. दोन महिन्यांनी पालवी फुटली आणि दरी परत आली. तेव्हा मुख्य कार्यालयातले लोक जे हसले, ते हसणं तिच्या अजून कानात होतं.

तेव्हापासून तिने स्वतःची एक पद्धत बसवली. जंगल एकतीस बीटांत वाटलेलं. बीट म्हणजे एका वनरक्षकाने सांभाळायचा तुकडा. प्रत्येक बीटात वनरक्षकाची एक चौकी. चौकीजवळच्या दहा झाडांना तिने पांढरे पट्टे मारून घेतले, आणि दर सोमवारी सकाळी ती एकतीस फोन करू लागली. प्रश्न एकच. "दहात किती?" म्हणजे दहांतली किती झाडं उघडी पडली. वनरक्षक आकडा सांगे, ती लांबड्या वहीत लिही. ऑफिसात त्याला पानांची हजेरी असं नाव पडलं, आणि पाचोळाबाई हे नावही त्याच वहीतून निघालं. चेष्टा करणारे करत, पण फोटोत एखादा तुकडा फिका दिसला की तेच लोक तिच्या टेबलाशी येऊन विचारत, "बघा ना जरा, हजेरी काय म्हणते?"

एकतिसावा फोन तिच्या धाकट्या भावाचा असे. तो आठ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, आणि पुढे वनरक्षकाच्या परीक्षेचा अर्ज तिनेच त्याच्यासमोर बसून भरून घेतला होता. त्याचा नंबर ती मुद्दाम शेवटी ठेवी, म्हणजे मागचे फोन खोळंबत नाहीत आणि पाच मिनिटं बोलता येतं. तो हजेरीसुद्धा सरळ देत नसे.

"सात हजर, तीन गैरहजर. एकाने रजेचा अर्ज दिलाय, ताई. मंजूर करू का?"

"आकडा सांग आधी. टवाळी नंतर."

"तीन. आई काय करतेय?"

असं चालायचं. त्या वर्षीच्या एका सोमवारी मात्र तो टवाळी न करता म्हणाला, "दहात नऊ."

तिने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. शेजारच्या बीटाची वनरक्षक, जिचा फोन तिने आत्ताच ठेवला होता, ती तीन म्हणाली होती. सगळीकडे दोन, तीन, फार तर चार.

"नऊ कसे असतील? पानगळीला अजून तीन आठवडे आहेत."

"यंदा झरा कधीच आटलाय ताई. आणि या उतारावर माती असते किती? वीतभर. खाली सगळा खडक. झाडं तरी काय करतील? टाकली पानं."

तिने नऊ लिहिलं. खाली चूल पेटवायला पाला गोळा करणारे लोक येतात, त्यांना आगीचं समजावून सांगतोय, असंही तो काहीतरी म्हणाला. मग त्याने आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

गुरुवारी फोटो आला. भावाच्या बीटातला, चौकीजवळचा तो पश्चिमेचा उतार फिकट पडला होता. चाळीस हेक्टर. आजूबाजूला सगळं अजून हिरवं, आणि मधे हा एवढा तुकडा भाजल्यासारखा. त्यातून त्याची वरची कड अशी सरळ, की कुणी दोरी धरून तिथपर्यंत साफ केलं असावं. तिने तो तुकडा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा फोटो शेजारी लावला. गेल्या वर्षी तिथे हिरवं होतं.

एरवी तिने काय केलं असतं? वही उघडली असती, हजेरीत नऊ बघितले असते आणि 'पानगळ' असा शेरा मारून पुढे गेली असती. दोन मिनिटांचं काम. पण महिन्याभरापूर्वी त्याच उताराखालच्या रस्त्यावर लाकडाचा एक ट्रक पकडला होता. कागद नव्हते, ड्रायव्हर पळाला, आणि लाकूड कुठलं ते कुणाला कळलं नव्हतं. आणि वहीतला तो नऊचा आकडा आला होता कुणाच्या तोंडून? ज्याच्या बीटात तो उतार, त्याच्याच.

साहेब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. ते मागे उभे राहिले की तिला कधीच आवडत नसे.

"हे बीट कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

"सख्खा?"

"सख्खा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते काही वाईट माणूस नव्हते. पण प्रत्येक गोष्टीत न अडकता आपला पाय मोकळा ठेवण्याची त्यांना सवय होती. "मग हा तुकडा मी दुसऱ्या कुणाकडे देऊ का? उगाच तुम्हाला..."

"का? मला दिसत नाही का?" ती म्हणाली.

"तसं नाही. बघा मग तुम्हीच. उद्या संध्याकाळी यादी जायला हवी."

इथेच ती चुकली. तुकडा दुसऱ्याला दिला असता तर त्याने मुकाट्याने वही बघितली असती. पण बावीस वर्षांचा ताठा असा सहज खाली ठेवता येत नाही.

यादीत दोन रंग असत. शंकेचा तुकडा पिवळा, खात्रीचा लाल. पिवळा म्हणजे आधी जागेवर जाऊन बघा. आणि जागेवर जाऊन बघायचं कुणी? पहिल्यांदा त्याच बीटाच्या वनरक्षकाने. त्याने अहवाल द्यायचा, मग पुढचं. लाल म्हणजे तोड धरूनच चालायची. वनरक्षकाला त्याच दिवशी बीटावरून काढायचं आणि चौकशी नेमायची. पिवळा केला तर तिच्याच भावाने स्वतःच्या बीटाचा निर्वाळा द्यायचा, आणि तो ताईने मान्य करायचा. लोक काय म्हणतील, हे तिला आत्ताच ऐकू यायला लागलं. शुक्रवारचा सगळा दिवस तिने त्या चाळीस हेक्टरांकडे बघण्यात घालवला. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

आणि माणसाचं मन किती हलकट असतं बघा. दुपारी तिला भावाची मोटरसायकल आठवली. चार महिन्यांपूर्वी त्याने घेतली होती. पोरीला चौकीपासून शाळेत सोडायला लागते, असं म्हणाला होता. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. आता तीच गाडी तिच्या डोक्यात येऊन उभी राहिली आणि हलेना.

तीन-चार वेळा तिने फोन हातात घेतला. दर वेळी खाली ठेवला. संध्याकाळी पाच वाजता तिने वहीतल्या त्या नऊभोवती कंस केला, बाजूला पेन्सिलीने तीन लिहिले आणि शेरा मारला, 'शेजारच्या बीटावरून धरले'. बावीस वर्षांत तिने कुणाची हजेरी अशी बदलली नव्हती. मग तिने तो तुकडा लाल केला. यादी गेली. घरी जाताना तिला वाटलं, आपण सरळ वागलो. तेवढी एक संध्याकाळ तिला तसं वाटलं.

सोमवारी तिने तीस फोन केले आणि एकतिसावा लावला. फोन शेजारच्या बीटाच्या वनरक्षकबाईने उचलला. दोन्ही बीटं आता तिच्याकडे होती.

"माझ्याकडचे चार मघाशीच सांगितले, मॅडम."

"आणि या बीटात?"

"इथली हजेरी बंद ठेवायला सांगितलीय."

"बरं. पण तो उतार तुम्हाला तिकडून दिसत असेल ना? झाडं..."

"मॅडम, ते चौकशीत आहे." बाईचा आवाज एकदम कागदासारखा कोरडा झाला. "मला काही बोलायचं नाही. तुम्हाला हवं तर लेखी विचारा."

तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आपणही तिच्या जागी असतो तर तोंडाला कुलूपच लावलं असतं.

भावाला शहराच्या कडेच्या लाकूड डेपोवर फाटकाशी बसवलं होतं. त्याने एका ओळीचा खुलासा दिला होता, 'झाडे उभी आहेत.' तो खुलासा साहेबांनी तिला दाखवला आणि फाइलला लावला. ज्याच्यावर आरोप त्याचंच म्हणणं, त्याला काय वजन? आणि चौकशी? पानगळीचा मोसम म्हणजे वणव्याचा मोसम. सगळं खातं आगी विझवण्यात गुंतलेलं. चौकशीच्या तीन माणसांची तारीख जुळेना. एक मोकळा असला की दुसरा जंगलात, दुसरा आला की तिसरा रजेवर. आणि पाऊस लागला की त्या बीटाकडे जाणारी वाट चार महिने बंद. म्हणजे पावसाआधी काही ठरलं नाही, तर तो चार महिने फाटकावर, डोक्यावर चोरीचा डाग घेऊन.

ती स्वतः जाऊन बघू शकत नव्हती का? तिने अर्ज केला होता. ज्याने खूण केली त्याने तपासायला जायचं नाही, असा नियम दाखवून तो परत आला. त्याखाली साहेबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नातेसंबंधही विचारात घ्यावेत.'

घरी आई. आई तिच्याकडेच राहायची. रोज संध्याकाळी आई धाकट्याला फोन करायची, आणि फोन झाला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची.

"फाटकावर बसवलंय म्हणे त्याला. का, ते सांगतच नाही."

"असेल काहीतरी ऑफिसचं."

"वरून कसला तरी कागद आला, एवढंच म्हणतो. तू त्यांच्याच खात्यातली ना? तुला कळत नाही होय?"

"माझं नकाशांचं काम, आई. ते वेगळं."

आई तिच्याकडे बघत राही. ती भाजी चिरत राही. लाल खूण ताईने केली, हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. पाचोळाबाई रोज वाट बघायची, आज सांगेल, उद्या सांगेल. सांगून टाकलं असतं तर बरं, असंही तिला वाटे. त्याने शब्द काढला नाही, आणि तीही मूग गिळून बसली.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. उपग्रह दर पाच दिवसांनी त्या उतारावरून जायचा. त्या दिवशी ती शिपायाच्याही आधी ऑफिसात यायची. पहिला फोटो, फिका. दुसरा, फिका. तिसऱ्यापर्यंत शेजारच्या बीटांचीही पानं झडली आणि सगळाच प्रदेश एकसारखा तपकिरी झाला. आता तो तुकडा वेगळा दिसतही नव्हता. एका सकाळी आगीच्या नकाशावर त्याच उताराजवळ लाल ठिपका उमटला. तीन आठवडे आधी झडलेला पाला, ढोपरभर साठलेला, आणि बीटावर धड माणूस नाही. तिने चौकीवर फोन लावला. कुणी उचलेना. दुपारी कळलं की वनरक्षकबाईंनीच आग पुढे सरकू नये म्हणून कडेचा पाला जाळून पट्टा केला होता. पाचोळाबाईने खुर्चीत बसल्या बसल्या अर्धा तास नुसते हात चोळले.

तिला एकच आशा होती, आणि ती तिच्या धंद्यातलीच होती. या जंगलातली झाडं पावसाची वाट बघत नाहीत. पाऊस यायच्या तीन-चार आठवडे आधी, ऐन उन्हाच्या तडाख्यात, त्यांना पालवी फुटते. मुळं खोल गेलेली असतात, खालचं पाणी ओढतात. गवताचं तसं नाही. गवत पावसाशिवाय हिरवं होत नाही. म्हणजे पाऊस पडण्याआधी जर तो उतार हिरवा झाला, तर ते हिरवं गवताचं असूच शकत नाही. तिथे झाडं उभी आहेत, बस. आणि एकदा का पाऊस पडला, की गवतही हिरवं आणि झाडही हिरवं. मग वरून बघून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. म्हणून तिला एक फोटो हवा होता. स्वच्छ, ढगाविना, पावसाआधीचा.

सातव्या आठवड्यात शेजारचं बीट हिरवं व्हायला लागलं. मग त्याच्या पलीकडचं. सोमवारच्या फोनवर आकडे उतरायला लागले. दहात सहा, दहात चार. वनरक्षकांचे आवाजही मोकळे झाले. भावाच्या बीटातला बाकीचा भाग हिरवा झाला. तो उतार मात्र तपकिरीचा तपकिरी. आणि त्याची ती सरळ कड पुन्हा जशीच्या तशी उठून दिसायला लागली.

आता मात्र तिची खात्रीच पटली. तोड झालीय. आणि इथे तिला जो राग आला, तो तिला स्वतःलाही परका वाटला. आपण ज्याला हाताला धरून शाळेत नेलं, त्याने आपल्याला फोनवर बिनदिक्कत नऊ सांगितले. आईच्या गुडघ्याची चौकशी करता करता. त्या आठवड्यात आईने फोन पुढे केला, "घे, बोल त्याच्याशी", तेव्हा तिने हात ओले असल्याचं सांगितलं. हात कोरडे होते.

आठव्या आठवड्यातल्या फोटोत ढग. पांढरे, गुबगुबीत, नेमके त्या उतारावर. ढगांच्या मधल्या एका भोकातून दहा-बारा ठिपके दिसले. त्यांचा रंग तपकिरी नव्हता. पण हिरवाही म्हणता येईना. तिने साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "ढगाच्या सावलीत सगळंच तसं दिसतं." ते खरंही होतं. हवामानाच्या नकाशात आठ दिवसांत पाऊस दाखवत होते.

त्या पुढच्या पाच दिवसांत ती धड जेवली नाही. ऑफिसला जाता-येता ती सारखी वर बघायची. रस्त्यावरची माणसं उन्हाने हैराण झालेली, कधी एकदा पाऊस येतो असं म्हणणारी. आणि ही एकटी बाई पावसाला मनातल्या मनात म्हणतेय, थांब, अजून थांब.

पाचव्या दिवशी सकाळी फोटो उघडला. खालच्या कोपऱ्यात ढगांची रांग होती. उतार मोकळा होता.

आणि उतार हिरवा होता. एकसारखा नाही. आधी आटलेल्या झऱ्याच्या कडेने, मग तिथून वर चढत, खडकाच्या फटीफटीतून पसरल्यासारखा. वरच्या अंगाला अजून विरळ. तिने आधी पावसाचे आकडे काढले. त्या भागात एक थेंब नाही. तिने तारीख तपासली, मग पुन्हा तपासली. सरळ कड होती, कारण तिथे खडक संपतो आणि खोल माती सुरू होते. तिकडची झाडं उशिरा पानं टाकतात आणि लवकर घेतात, इकडची लवकर टाकतात आणि उशिरा घेतात. एवढंच. वीतभर माती, त्याने सांगितलं होतं.

तिला आनंद झाला. तो जेमतेम मिनिटभर टिकला. मग तिने वही उघडली, आणि कंसातला तो नऊ बघून तिला लाज वाटली. तिने तो कंस खोडरबराने पुसायला घेतला. पण पेनाने केलेला कंस खोडरबराने जात नाही, हे तिला कागद फाटायला लागल्यावर कळलं.

दुरुस्तीचं पत्र तिने स्वतः लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि पेन्सिलीने एक ओळ सुचवली, 'तांत्रिक कारणाने चुकीची नोंद झाली.'

"तांत्रिक काही नव्हतं, साहेब," ती म्हणाली.

"अहो, अशानेच पत्र लवकर पुढे जातं. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

तिने ओळ बदलली नाही. 'या बीटातून पानांची हजेरी वेळेवर आली होती व ती बरोबर होती. मी ती मानली नाही.' खाली सही केली. साहेबांनी खांदे उडवले आणि पत्रावर आपल्या सहीच्या वर 'वरीलप्रमाणे संबंधितांचे म्हणणे' असं लिहिलं. त्यांचा पाय इथेही मोकळाच राहिला. पत्र गेल्यावर मात्र चौकशीच्या तीन माणसांची तारीख दोन दिवसांत जुळली. ते उतारावर जाऊन आले. झाडं उभी होती. तोडीचे खुंट मिळाले ते पाच, आणि पाचही इतके जुने की हाताने भुगा होत होता.

रविवारी ती बसने डेपोवर गेली. फाटकाशी पत्र्याची शेड, तिथे एक टेबल, टेबलावर गाड्यांच्या नोंदींची वही, आणि मागे लाकडांच्या ओंडक्यांचे ढीग, प्रत्येकावर आकडा कोरलेला. भाऊ वहीत काहीतरी लिहीत होता. नऊ आठवड्यांत तो वाळला होता. तिला बघून उठला, आतून एक स्टूल आणलं, हाताने पुसून तिच्यापुढे ठेवलं.

"आई बरी आहे?"

"बरी आहे."

"गुडघा?"

"आहे तसाच."

तिने पिशवीतून फोटोचा कागद काढून टेबलावर पसरला. तो त्यावर वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग बोट ठेवत म्हणाला, "ही चौकी. हा झरा. आणि हा आपला उतार होय? वरून एवढंच दिसतं?"

"एवढंच दिसतं."

"मला कागद आला. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय."

"माहीत आहे."

एक ट्रक आला. त्याने नंबर लिहिला, ड्रायव्हरचे कागद पाहिले, आडवा दांडा वर केला, ट्रक आत गेल्यावर खाली सोडला, आणि परत येऊन बसला. ती तेवढ्यात धीर गोळा करत होती.

"आईला का नाही सांगितलंस? मीच लाल केलं ते."

"काय सांगू? ती तुझ्याकडे राहते ताई. तिने मग तुझ्या हातचं जेवायचं तरी कसं?"

तो कागदाच्या कडा बोटाने सरळ करत होता.

"मला फाटकाचं एवढं वाईट नाही वाटलं," तो म्हणाला. "फाटकावर काय, कुणीतरी बसतंच. पण सोमवारी मी तुला नऊ सांगितले, आणि शुक्रवारी तू लाल केलंस. मधे चार दिवस होते. एक फोन करायचास."

नऊ आठवडे ती याच प्रश्नाला घाबरत होती. उत्तर तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते उच्चारायला तिला जड गेलं.

"फोन केला असता तर तू म्हणाला असतास, झाडं उभी आहेत."

"मग? उभीच होती."

"आणि मी विश्वास ठेवला असता. म्हणून नाही केला."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"मग ठेवायचास ना, ताई," तो म्हणाला.